कमळाबाईचं काचेतलं तळं

घुग्घुसच्या बाजारात मासोळ्या घ्यायला जाणाऱ्याला कमळाबाई शोधावी लागत नाही. ती आधी ऐकू येते, मग दिसते. कोळशाचे ट्रक धडधडत जातात, भाजीवाले ओरडतात, त्या सगळ्यांच्या वरून तिचा आवाज येतो, "ये ना भाऊ, रोहू पाह्य, डोळा पाह्य तिचा, तुह्यापेक्षा टवटवीत हाये!" गिऱ्हाईक हसतं आणि हसलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत जात नाही.

कमळाबाई ढिवरांच्या, म्हणजे पिढीजात मासे धरणाऱ्यांच्या घरातली. माहेर सिंदेवाहीकडं, एका मोठ्या तलावाच्या पाळीला लागून. सासर वर्धा नदीच्या काठी. जन्म पाण्याच्या एका काठावर झाला आणि संसार दुसऱ्या काठावर. पायाच्या अंगठ्याखाली पावशी, म्हणजे विळी, दाबून ती मासा साफ करायला बसली की बघणाऱ्याची मान आपोआप लांब होते. नवरा श्रीहरी कोळशाच्या खाणीत पाळीवर जातो, मुलगा अजय ट्रक चालवतो आणि सून रंजीता घर सांभाळून शिलाई करते. चौघांच्या या घरात मासा म्हणजे काय, तर एक तर पाटीत असतो, नाहीतर कढईत. तिसरी जागा त्याला कुणी दिलेली नव्हती.

ती तिसरी जागा अजयच्या ट्रकमधून आली. खाणीच्या कॉलनीतल्या एका साहेबाची बदली झाली. घर रिकामं करताना त्यांच्या मागच्या अंगणात एक काचेची मोठी पेटी पडून होती. अजयनं विचारलं, साहेब म्हणाले घेऊन जा. अजयनं ती केबिनमध्ये गोधडीत गुंडाळून आणली आणि बैठकीत टेबलावर ठेवली. रंजीता टाळ्या वाजवायला लागली. तिला मोबाइलवर असल्या पेट्यांचे व्हिडिओ बघायचा नाद होता. आत हिरवंगार जंगल, त्यातून मासे फिरतायत, झिंगे पानावर बसून खातायत.

"आई, आपण यात मासे पाळू," ती म्हणाली.

"पाळू?" कमळाबाई पावशी धुता धुता थांबली. "मासोळी काय बकरी हाये पाळाले? दूध देते का अंडं देते?"

"पाह्याले पाळतात आई. नुसतं पाह्याचं."

"मी दिवसभर मासोळ्याच पाहून राह्यली. घरी येऊन आणखी पाहू?"

पण सुनेचा चेहरा पडलेला बघून ती परत पावशी धुवायला लागली. रंजीतानं चंद्रपूरच्या दुकानातून लाल, पिवळे, निळे मासे पिशवीत घालून आणले, नळाचं पाणी भरलं आणि सोडले. संध्याकाळपर्यंत सगळे उताणे. रंजीतानं डोळ्याला पदर लावला, आणि कमळाबाईला हसू आवरेना. "मेलेले मासे विकत आणाचे होते तं मले सांगाचं ना बाई! माह्या पाटीत भरलेले असतात!"

रंजीता दुखावली. ती म्हणाली, "मग तुम्ही ठेवून दाखवा जिते."

बस. एवढं एक वाक्य. त्यानं कमळाबाईच्या आयुष्याची गाडी भलत्याच रुळावर घातली.

दुसऱ्या दिवशी तिनं नदीवरून आलेल्या जाळ्यातून चार फडफडत्या मासोळ्या निवडल्या, ओल्या फडक्यात घरी आणल्या आणि ऐटीत पेटीत सोडल्या. त्याही गेल्या. परत आणल्या, परत गेल्या. आता हसायची पाळी श्रीहरीची होती, पण बायकोचं तोंड बघून तो चपला घालून बाहेर निघून गेला. कमळाबाई पेटीसमोर बसून राहिली. मासोळी ताजी आहे का शिळी, हे ती वासावरून सांगायची. कुठला काटा कुठं असतो, खवला कुठल्या बाजूनं सुटतो, सगळं तिच्या बोटांना पाठ. पण ही सगळी विद्या मासोळी मेल्यानंतरची होती! मासोळी जगते कशी, हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही कधी मासोळीला विचारलं नव्हतं.

"रंजीता," तिनं हाक मारली, "लाव व तो तुहा मोबाइल."

सासू-सुना डोक्याला डोकं लावून बसल्या. व्हिडिओतला माणूस हिंदीत सांगत होता की आधी माती घाला, झाडं लावा, पाणी पिकू द्या, मग मासे सोडा.

"पाणी पिकते?" कमळाबाई ओरडली. "आंबा पिकते, धान पिकते. पाणी कसं पिकते?"

हे कोडं मनात घेऊन ती भाऊबीजेला माहेरी गेली.

पोचू तिचा थोरला भाऊ. केस पांढरे, अंग काळं आणि चिवट. जन्मभर तलावात जाळं टाकणारा. बहिणीनं ओवाळलं, कुंकू लावलं, तोंडात करंजी घातली. पोचूनं लुगड्याची पिशवी पुढं केली, तशी कमळाबाईनं ती बाजूला सारली.

"दादा, मले लुगडं नोको. झिंगे पाह्यजे."

"इतकंच ना? मडकंभर वाळवून ठेवले हायेत. ने."

"वाळवलेले नाई. जिते."

पोचूनं बहिणीकडं बघितलं, मग बायकोकडं बघितलं. "जिते झिंगे? प्रवासात तोंडात टाकाले का?"

कमळाबाईनं पेटीची सगळी कथा सांगितली. पोचू इतका हसला की त्याच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकावर आलं. पण पाणी पिकण्याची गोष्ट निघाल्यावर मात्र तो हसायचा थांबला. "हाव, बरोबर हाये. नवी बोडी खोदली, पाणी भरलं, तं पहिल्या साली तिच्यात मासोळी धरते का? गाळ बसू दे, शेवाळ येऊ दे, पाण्याले पाण्याचा वास येऊ दे. मंग मासोळी राह्यते. त्या मोबाइलवाल्याले तलाव माहीत असन."

दोघं तलावावर गेली. काठचं धान पिवळं होऊन झुकलं होतं. पाळीवर लहानपणी ज्या दगडावरून दोघं उड्या मारायची, तो दगड तसाच होता. कमळाबाईनं आजूबाजूला बघितलं, कुणी नव्हतं, लुगड्याचा कासोटा मारला आणि धप्पकन उडी घेतली. "अवो बाई, वय काय तुहं!" पोचू ओरडला आणि तिच्या मागोमाग त्यानंही उडी मारली. मग दोघांनी चिखलात हात घालून तळाचा काळा गाळ पाटीत भरला. लांब पट्ट्यांसारख्या पानांची झाडं मुळासकट उपटली, बारीक पानांची झुबकेदार झाडं घेतली, दगडावरचं मऊ शेवाळ खरवडलं. शेवटी पोचूनं बारीक जाळी फिरवली आणि पाण्यासारखे आरपार दिसणारे झिंगे, बोटाच्या पेराएवढ्या रुपेरी मासोळ्या, सगळं एका मोठ्या डब्यात तलावाच्याच पाण्यात सोडलं.

परतीच्या बसमध्ये कमळाबाई डबा मांडीत घेऊन बसली. पायाशी ओल्या पोत्यात झाडं. कंडक्टर आला.

"बाई, डब्यात काय हाये?"

"झिंगे. जिते."

कंडक्टरनं झाकण उचलून आत डोकावलं. गडी गमत्या होता. "बायांले अर्धं तिकीट हाये. यातल्या बाया किती आन् माणसं किती, थे सांगा."

"तुम्हीच विचारा त्याइले," कमळाबाई म्हणाली. अख्खी बस हसली, आणि तेव्हापासून तो डबा एकट्या कमळाबाईचा राहिला नाही, सगळ्या बसचा झाला.

मूल गावाच्या पुढं जंगल लागतं. तिथंच बस फसफसली, धूर सोडला आणि उभी राहिली. ड्रायव्हर म्हणाला, दुसरी गाडी येईपर्यंत कुणी खाली उतरू नका, कालच या वळणावर वाघ दिसला. खिडक्या धडाधड बंद झाल्या. ऊन चढलं, आत भट्टी झाली. कमळाबाईनं झाकण उघडलं तर झिंगे सगळे पाण्याच्या वरच्या थरात येऊन काठाला चिकटायला लागले होते.

"हवा पाह्यजे त्याइले," ती घाबरून म्हणाली. "मरतीन बापा!"

मागच्या बाकावर एक आजोबा बाजारातून नवीन झारा घेऊन चालले होते. त्यांनी झारा पुढं केला. "हे घ्या बाई. उचला पाणी आन् वरून सोडा. हवा जाते." कमळाबाई झाऱ्यानं पाणी उचलून वरून सोडायला लागली. हात दुखला तशी शेजारच्या नर्सबाईनं झारा घेतला, मग कॉलेजच्या पोट्ट्यांनी, मग खुद्द कंडक्टरनं. सगळे पाळीनं झारा घ्यायला लागले. कुणी ओला रुमाल डब्याभोवती गुंडाळला, कुणी खिडकी उघडली. "वाघ येईन ना!" एक बाई किंचाळली. "आला तं येऊ द्या," आजोबा म्हणाले, "त्याच्याही हातात झारा देऊ." बसमध्ये असा काही हशा उठला की जवळपास वाघ असलाच तर तो दुसऱ्या जंगलात निघून गेला असेल. दुसरी गाडी आली तेव्हा लोकांनी आधी डबा चढवला आणि मग आपलं सामान. चंद्रपूरला उतरताना आजोबांनी तो झारा कमळाबाईलाच देऊन टाकला. म्हणाले, घरी सांगीन, वाघानं नेला.

झिंगे जगले.

घरी आल्यावर पेटीत तळाला गाळ, त्यावर वर्धेची धुतलेली वाळू, वाळूत रोवलेली झाडं. झिंगे आणि मासोळ्या पाणी पिकेपर्यंत तलावाच्या पाण्यासकट मागच्या दारच्या टाक्यात. पेटीतलं पाणी आधी गढूळ झालं. श्रीहरी पाळीवरून येऊन बघायचा आणि म्हणायचा, "चहा ठेवला का व?" मग हळूहळू गाळ बसला, आणि एका सकाळी रंजीतानं वरची ट्यूब लावली आणि हाका मारायला लागली. पाणी इतकं स्वच्छ झालं होतं की पेटीत पाणी आहे का नाही, तेच कळेना. पट्ट्यांची पानं वरपर्यंत गेली होती. प्रत्येक पानावर बारीक बारीक बुडबुडे बसले होते, आणि मधूनच एक सुटून सरळ वर जायचा.

घुग्घुसमध्ये छपरावर, पानावर, वाळत घातलेल्या धोतरावर, सगळ्यावर कोळशाची काळी धूळ बसते. सकाळी पुसलेला ओटा दुपारी परत काळा. त्या गावात, त्या घरात एक चौकोन असा होता की ज्यात फक्त हिरवं होतं. कमळाबाई समोर मांडी घालून बसली आणि बाजारात जायचं विसरली. तिच्या जागेवर कुणी ओरडत नाही, हे बघून बाजारातली माणसं आजारी आहे का म्हणून विचारायला घरी आली आणि तीही पेटीसमोर बसली.

झिंगे सोडले तेव्हा तर घराची जत्राच झाली. ते पानापानावर चढले आणि पुढच्या इवल्या चिमट्यांनी काहीतरी वेचून भराभरा तोंडात घालायला लागले, आधी उजवा हात, मग डावा, परत उजवा. "माह्या सासूबाई शेतात निंदणाले बसत तशा दिसतात," शेजारची इंदिराबाई म्हणाली. इंदिराबाई मुळात सीताफळ मागायला आली होती. ती जेवणाच्या वेळेपर्यंत बसली.

एके दिवशी कमळाबाईनं असा हंबरडा फोडला की रंजीता शिलाई टाकून धावली. वाळूवर एक झिंगा आडवा पडला होता. पांढुरका, हालचाल नाही. "मेला व! वाघाच्या रस्त्यानं वाचवून आणला आन् इथी मेला!" रंजीतानं झाऱ्यानं तो अलगद उचलला. पोकळ! आत काहीच नाही, नुसती काच. नुसता अंगरखा. अंगरख्याचा मालक पलीकडच्या झाडावर बसून जेवत होता. "आई, कात टाकली त्यानं." कमळाबाईनं डोळे पुसले, नाक पुसलं आणि ती कात हातावर घेऊन गल्लीत सगळ्यांना दाखवून आली.

या सगळ्या आनंदात एक बारीकशी गोष्ट होती, जी कमळाबाईला ठाऊक होती आणि तिनं कुणाला सांगितली नव्हती. तलावाच्या झाडांच्या झुबक्यात लपून एक पिल्लू आलं होतं. लांबट, गोल डोक्याचं, करंगळीएवढं. रंजीताला ते फार गोंडस वाटलं. कमळाबाईनं मात्र बघताक्षणी ओळखलं की ही मरळ आहे. मरळ म्हणजे पाण्यातला दरोडेखोर. तोंडात मावेल ते खाणार, आणि तोंड रोज मोठं करणार. पण पिल्लू होतं भलतं ऐटबाज. पेटीच्या मध्यभागी, पाण्यात न हलता उभं राहायचं आणि सगळ्यांवर नजर ठेवायचं. कमळाबाई पुढं आली की वळून तिच्याकडं बघायचं. ती बोट फिरवेल तिकडं डोकं फिरवायचं. तिनं त्याचं नाव ठाणेदार ठेवलं. आज काढू, उद्या काढू, अजून लहान आहे बिचारं, असं करत ठाणेदार पेटीत राहिला. आणि पेटीतले झिंगे कमी व्हायला लागले.

ठाणेदाराचं नाव न काढता कमळाबाईनं आधी पालीवर संशय घेतला. मग इंदिराबाईच्या मांजरीवर. इंदिराबाईनं मांजरीच्या वतीनं कडकडून भांडण केलं. मग एक दिवस जेवताना कमळाबाईनं नवऱ्याकडं रोखून बघितलं. श्रीहरीला झिंग्याची चटणी प्राणापेक्षा प्रिय, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"अजयचे बाबा, खरं सांगा. तुम्हीच खाल्ले ना?"

श्रीहरीच्या हातातला घास तसाच राहिला. "मी? पेटीत हात घालून? कच्चे?"

"तुम्हाले कच्चे का आन् पक्के का!"

"कमळा, मी खाणीतून दमून येतो. आंघोळ करतो आन् झोपतो. झिंगे धराले मले येळ कुठी हाये? तुहा तो ठाणेदार पाह्य ना. त्याचं पोट पाह्य! पाळीभर बसून राह्यते आन् हवालदारावाणी सुटून राह्यला!"

सगळ्यांनी पेटीकडं बघितलं. ठाणेदार खरंच सुटला होता. आणि नेमका त्याच वेळी एक झिंगा पानावरून उतरून त्याच्या नाकासमोरून निघाला. ठाणेदार हललाही नाही. नुसतं तोंड उघडलं. गपकन झिंगा दिसेनासा झाला.

श्रीहरीनं घास तोंडात घातला आणि अत्यंत समाधानानं चावला.

"आता रस्सा होऊन जाऊ दे," तो म्हणाला.

"होते," कमळाबाई दात खाऊन म्हणाली. "आत्ताच होते."

तिनं जाळी घातली, ठाणेदाराला काढलं, बादलीत टाकलं, पावशी पुढं ओढली, अंगठ्याखाली दाबली आणि हात बादलीत घातला. हजारो मासोळ्या कापलेला तो हात. ठाणेदार बादलीत गोल फिरला आणि वर डोकं करून तिच्याकडं बघायला लागला. बोट फिरवलं तिकडं डोकं फिरवलं. कमळाबाईचा हात पाण्यातच राहिला. इंदिराबाई शेजारच्या अंगणात भांडी घासता घासता बघत होती. रंजीता दाराशी उभी होती.

"मायबाई," कमळाबाई शेवटी म्हणाली, "याले नाव काऊन ठेवलं मी!"

तिनं पावशी उभी करून भिंतीला लावली. श्रीहरीनं कढईकडं बघितलं, बायकोकडं बघितलं आणि उसासा टाकला.

"मग काय कराचं?"

"नदीवर नेऊन सोडाचं."

हे ऐकताच गल्लीला चैतन्य आलं. रंजीतानं स्कूटी काढली, मागं बादली मांडीत घेऊन कमळाबाई बसली. श्रीहरी मोटरसायकलवर, त्याच्या मागं इंदिराबाई, कारण आपल्या मांजरीवर खोटा आळ आला होता आणि खरा चोर नदीत जाताना तिला डोळ्यांनी बघायचा होता. दोन सायकली, एक ऑटो, बाजारातले दोघे-चौघे अशी मिरवणूक निघाली. वाटेत एका ट्रकवाल्यानं विचारलं, "काय हाये बादलीत?" कुणीतरी ओरडलं, "ठाणेदाराची बदली झाली!" मग ट्रकवाल्यानंही भोंगा वाजवत घाटापर्यंत सोबत दिली.

घाटावर मासे धरणारे बसले होते. कमळाबाई रोज त्यांच्याकडून माल घ्यायची. ती बादली घेऊन उतरताना बघून एकानं विचारलं, "काय व बाई, आज उलटं? माल परत आणला?"

"आज इथी कोणी जाळं टाकाचं नाई," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "उद्याही नाई. परवाचं परवा सांगीन."

ती गुडघाभर पाण्यात गेली आणि बादली वाकडी केली. ठाणेदार बाहेर आला, तिच्या पायाजवळ उभा राहिला, इकडंतिकडं बघितलं आणि मग शेपटीच्या एका फटक्यानं गेला. काठावर टाळ्या झाल्या. कमळाबाई हसत होती आणि रडत होती, आणि दोन्ही एकदम करताना तिचा पाय घसरला. ती सगळ्यांसमोर पाण्यात बसली, तरी हसायची थांबली नाही. तिला काढायला गेलेला श्रीहरीही बसला.

त्यानंतर कितीतरी दिवस बाजारात मरळ आली की कमळाबाई तिच्यासमोर बोट फिरवून बघायची. मान फिरवली नाही तरच पाटीत.

घरची पेटी मात्र ओस पडली होती. मासोळ्या तेवढ्या होत्या, कारण त्या चपळ. झिंगा एकही दिसेना. कमळाबाई बाजारातून येऊन नुसती समोर बसायची. रंजीता म्हणायची, पुढच्या वेळी मामांकडून आणू. कमळाबाई मान हलवायची.

मग एका सकाळी ती काच पुसायला बसली. काचेवर धूळ दिसत होती, बारीक ठिपके. घुग्घुसची धूळ, कुठंही शिरते. तिनं फडकं फिरवलं. ठिपके गेले नाहीत. म्हणजे आतून. तिनं डोळे बारीक केले. एक ठिपका उडाला. दुसरा चालला. एका ठिपक्याला मिशा होत्या.

"रंजीता!" अशी हाक घुग्घुसनं त्याआधी ऐकली नव्हती. रात्रपाळी करून झोपलेला श्रीहरी आग लागली समजून उशी घेऊन बाहेर पळाला. अजय, इंदिराबाई, इंदिराबाईची मांजर, सगळे आत आले. शेवाळाच्या झुबक्यातून, पानांच्या मागून, काचेवर, वाळूवर, जिकडं बघावं तिकडं झिंग्यांची पिल्लं. मुंगीपेक्षा लहान, पण सगळं अंग तयार, आणि आतापासूनच दोन्ही हातांनी भराभरा वेचत खात होती. आणि त्या झुबक्याच्या मुळाशी एक मोठी झिंगी बसली होती. ठाणेदाराच्या राज्यात तोंड न दाखवता पोटाशी अंडी धरून तिनं दिवस काढले होते. रंजीतानं मोबाइलनं मोठं करून दाखवलं, तर पोटाखाली अजून चार-दोन अंडी चिकटलेली होती आणि ती पायांनी त्यांना वारा घालत होती.

"बाळंतीण हाये व!" इंदिराबाई म्हणाली आणि तिनं पदरानं डोळे टिपले. "तिले काही द्या खाले!"

कमळाबाईनं पालकाचं एक पान उकळून, थंड करून सोडलं. पिल्लं त्यावर अशी तुटून पडली की पान दिसेना. सगळं घर जमिनीवर पालथं पडून बघत होतं. त्या दिवशी घरात चूल उशिरा पेटली आणि कुणाला भूक लागली नाही.

बातमी फोनवरून सिंदेवाहीकडं गेली. दोन दिवसांनी पोचू दाराशी हजर. पिशवीत बहिणीसाठी ते न घेतलेलं लुगडं आणि अंगात इस्त्रीचा शर्ट. पिल्लांचा मामाच तो. त्यानं पाय धुतले, पेटीसमोर बसला तो बसलाच. चहा निवला, दुसरा आणला, तोही निवला. मासोळ्या पट्ट्यांच्या पानांतून वळत होत्या, पिल्लं तुरूतुरू चढत होती, बुडबुडे वर जात होते.

"दादा, काही बोल ना," कमळाबाई म्हणाली.

"का बोलू व?" त्याचा आवाज हलका झाला होता. "जन्म गेला तलावात. पण पाणी मी वरूनच पाह्यलं. जाळं टाकाचं, वढाचं, वरून. खाली असा कारभार चालते, मले का माहीत? बाजूनं आज पाह्यलं, कमळे."

त्याची बस गेली. त्यानं जाऊ दिली. दुसऱ्या दिवशीचीही जाऊ दिली. श्रीहरीनं त्याला पेटीसमोरच जेवायला वाढलं. घरी परत गेला तेव्हा जाता जाता दहा वेळा वळून बघितलं.

पुढच्या सकाळी कमळाबाई बाजारात रोहूचे खवले काढत असताना फोन वाजला. खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरून ती म्हणाली, "हाव दादा, बोल."

पलीकडून धापा टाकत पोचू सांगत होता, "कमळे, आत्ता तलावात गेलतो. बुडी मारली. डोळे उघडे ठेवून. म्हटलं पाहू, खाली का चालून राह्यलं थे."

"मंग? काय दिसलं?"

"काई नाई व! नुसता चिखल! डोळ्यात गेला, नाकात गेला. वर आलो तं गाव काठावर जमलेलं. तुही वहिनी रडून राह्यली, तिले वाटलं मी जीव दिला!"

कमळाबाई हसायला लागली. आधी खुदकन, मग खांदे हलवून, मग अशी की फोन रोहूच्या पाटीत पडला आणि पाटीतूनही पोचूचं हसणं ऐकू यायला लागलं. समोर उभ्या गिऱ्हाईकाला काहीच माहीत नव्हतं. तरी तोही हसायला लागला, आणि हसता हसता त्यानं तराजू हातात घेऊन आपली मासोळी आपणच तोलून घेतली.